मांजराचे सोंग

मराठी रंगभूमीच्या इतिहासात वस्त्रांना मोठा मान आहे. बालगंधर्वांचे शालू, त्यांचे जरीकाठ आणि त्या हौसेपायी गंधर्व नाटक मंडळीवर पडलेला खर्चाचा बोजा यांविषयी आपण चरित्रांतून आणि आठवणींतून पुष्कळ वाचलेले असते. ही वस्त्रे विकत घेतलेली होती, आणि विकत घेतलेल्या वस्तूची नोंद कोठे ना कोठे राहते. कधी वहीत, कधी सावकाराकडे. घरात शिवलेल्या वस्त्राला असे भाग्य नसते. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत गेली पन्नास-साठ वर्षे ससे, मोर, माकडे आणि मांजरे नाचत आली आहेत. त्यांचे कान कोणी बेतले, शेपटीत काय भरले, कापड कोठून आले, याविषयी आपल्या नाट्येतिहासात मला जवळजवळ काहीच आढळत नाही. बालनाट्याचे लेखक आणि दिग्दर्शक आपण मोजले. शिवणाऱ्या बायका मोजल्या नाहीत. या लेखात त्यांच्या कामातल्या एकाच पोशाखाविषयी लिहायचे आहे, मांजराच्या.

मांजरच का, असे कोणी विचारील. मोराला पिसारा आहे, हत्तीला सोंड आहे, सशाला लांब कान आहेत. यांतली एकेक खूण लावली की प्राणी सिद्ध होतो. मांजराची अशी एक खूण नाही. टोकदार कान लावले तर कोल्हा होतो, नुसती शेपटी लावली तर माकड होते आणि नुसत्या मिशा काढल्या तर उंदीर. तिन्ही गोष्टी योग्य प्रमाणात एकत्र आल्या तरच मांजर दिसते. शिवाय समोर बसलेल्या प्रत्येक मुलाने चाळीच्या जिन्यात मांजर पाहिलेले असते, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते. सिंह कसाही झाला तरी चालतो. तो कोणी पाहिला आहे?

अंगावर प्राणी घेण्याची आपल्याकडची रीत मात्र जुनी आहे आणि तिच्यासाठी आपल्याजवळ एक नेमका शब्द आहे : सोंग. हिंदीतल्या स्वाँगाचे हे भावंड. आजच्या बोलण्यात तो शब्द पार घसरला आहे. ‘सोंगे करू नकोस’ म्हणजे खोटेपणा करू नकोस. पण लळितात, दशावतारात, शिमग्यात सोंग ‘आणतात’, सोंग ‘घेतात’. त्यात फसवणूक नसते, कारण बघणाऱ्याला आत कोण आहे हे ठाऊक असते. मोहरमात अंगावर पट्टे रंगवून वाघ होणारे पुरुष गावोगाव असत. कोकणातल्या शिमग्यात काळ्या कपड्यांतला, उंच निमुळत्या टोपीचा संकासूर पोरांच्या मागे धावतो. ती पोरे किंचाळत पळतात आणि त्याच वेळी हा आपल्या वाडीतला अमुक काका आहे हेही त्यांना माहीत असते. डोंबिवलीत आणि ठाण्यात राहायला आलेल्या कितीतरी कोकणी कुटुंबांनी ही आठवण बरोबर आणली.

याहून जवळचे उदाहरण बोहाड्याचे. जव्हार-मोखाड्याचा भाग २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तेथील आदिवासी गावांत उन्हाळ्याच्या तोंडावर बोहाडा भरतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे बांधून देवांची, राक्षसांची आणि प्राण्यांची सोंगे संबळ-सनईच्या तालावर रात्रभर निघतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की बोहाड्यात सारा भार मुखवट्यावर असतो. मुखवटा घराण्यात जपलेला, रंग दिलेला, पुजलेला. मानेखाली मात्र जे उपलब्ध असेल ते लुगडे, धोतर किंवा सदरा गुंडाळलेला. म्हणजे सोंगाला कोरीव काम लागत होते, बांधणे लागत होते. शिवण फारसे लागत नव्हते. शाळेतल्या मांजराला मुखवटा चालत नाही. मुखवट्यातून मुलाचा आवाज बाहेर येत नाही आणि आईला त्याचा चेहरा दिसला नाही तर तिच्या दृष्टीने सगळे व्यर्थ. म्हणून मुखवटा गेला, चेहरा उघडा राहिला आणि प्राण्याची सारी जबाबदारी मानेखालच्या कापडावर व डोक्यावरच्या टोपीवर आली. सोंगाच्या इतिहासातला हा बदल लहान नाही, आणि तो शिवणयंत्रामुळे शक्य झाला.

शिवण हा आपल्याकडे फार काळ शिंप्याचा व्यवसाय होता. संत नामदेव त्याच घराण्यातले. नऊवारी, धोतर, उपरणे, पागोटे यांना टाका लागतच नव्हता. अंगरखा, बाराबंदी शिंप्याकडून शिवून येई. घरातल्या बाईच्या सुईकडे उरत चोळी, गोधडी आणि तान्ह्या बाळाचे कपडे : झबले, टोपडे, कुंची. शिवणयंत्र हिंदुस्थानात आले तेही आधी शिंप्याच्या दुकानात. सिंगर कंपनीचा कारभार १८७५ पासून मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी पाहिला आणि हप्त्यांनी यंत्र देण्याच्या पद्धतीमुळे ते पसरले. घरातल्या बाईपर्यंत ते पोहोचायला आणखी काळ जावा लागला. पुण्याच्या सेवासदनाने (१९०९) रमाबाई रानड्यांच्या मार्गदर्शनाखाली ज्या गोष्टी स्त्रियांना शिकवल्या त्यांत शिवण होते. विधवेने किंवा परित्यक्तेने आपल्या पायावर उभे राहण्याचे ते साधन होते. हौस हा त्यामागचा हेतू नव्हता. यंत्रांविषयी कठोर असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून मोकळे सोडले, कारण पत्नीचे कष्ट पाहवले नाहीत म्हणून त्या माणसाने ते घडवले असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३०च्या दशकात कलकत्त्याला ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागली आणि स्वातंत्र्यानंतरच्या मध्यमवर्गीय घरात पायमशीन ही कपाटाइतकीच रुळलेली वस्तू झाली.

गिरगाव-दादरच्या चाळींतून निघालेली मराठी कुटुंबे डोंबिवलीला आली ती ही मशीन घेऊन. १९८२च्या गिरणी संपानंतर तर अनेक घरांत तिने संसार तारला. परकर, ब्लाऊज, शाळेचे गणवेश, पिको-फॉल अशी कामे खिडकीवर पाटी लावून घेतली गेली. ज्या मशीनवर दिवसा गिऱ्हाइकाचे ब्लाऊज निघत, तिच्यावरच डिसेंबरातल्या एखाद्या रात्री घरच्या मुलाचे मांजर शिवले जाई. त्या कामाची मजुरी कोणी धरली नाही, म्हणून हिशेबात ते आले नाही.

मुलाने रंगमंचावर प्राणी व्हावे ही कल्पना तरी कोठून आली? शाळेतले नाटक आपल्याकडे होतेच. अत्र्यांनी ‘गुरुदक्षिणा’ शाळेसाठीच लिहिले, आणि कल्याणच्या रंगमंदिराला आज त्यांचे नाव आहे. पण मुलांसाठी सजवलेली, रंगीबेरंगी, जादूची रंगभूमी खऱ्या अर्थाने उभी राहिली ती १९५९ साली, सुधा करमरकर यांनी ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले तेव्हा. अमेरिकेत त्यांनी बालरंगभूमीचे काम पाहिले होते. परतल्यावर मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने त्यांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केले. ‘मधुमंजिरी’चे लेखक रत्नाकर मतकरी, त्यांनी पुढे १९६२ साली स्वतःची बालनाट्य संस्था काढली. पुण्याकडे सई परांजपे ‘पत्तेनगरीत’, ‘शेपटीचा शाप’ अशी नाटके करीत होत्या. नावे पाहिली तरी त्यांत शिवण्याचे, कातरण्याचे काम किती असेल हे कळते. या नाटकांनी प्रेक्षकांतल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना एक गोष्ट दाखवली : माणसाला शेपूट लावता येते आणि ते हास्यास्पद दिसत नाही. १९५३च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातल्या मोराच्या गाण्याने त्याआधीच मोराला संमेलनात कायमची जागा मिळवून दिली होती. मांजराला तितके भाग्यवान गाणे लाभले नाही, म्हणून ते नेहमी नाटिकेतच येत राहिले. बहुधा उंदरांच्या सभेत, बहुधा शेवटी, आणि बहुधा ‘म्याऊ’ एवढ्याच संवादासाठी.

पाश्चात्त्य रंगभूमीवर ही परंपरा वेगळ्या वाटेने गेली. १९०४च्या ‘पीटर पॅन’मधील नाना नावाची कुत्री हे मोठ्या नटाने आपादमस्तक लोकरीच्या कातड्यात शिरून केलेले काम होते. १९०८ साली मॉस्को आर्ट थिएटरने मेटरलिंकचा ‘निळा पक्षी’ सादर केला. त्यातही मांजर आणि कुत्रा ही बोलती पात्रे आहेत. लंडनला १९८१ साली ‘कॅट्स’ हे संगीतक आले तेव्हा जॉन नेपियर यांनी ते कातडे काढून टाकले. नर्तकांच्या अंगाला चिकटून बसणाऱ्या ताणदार कापडावर पट्टे रंगवले आणि पायांत लोकरीच्या नळ्या घातल्या. मांजर केसांत नसून हालचालीत असते हे त्यांनी ओळखले. डोंबिवलीच्या आयांना हे ‘कॅट्स’ न पाहताच ठाऊक झाले होते, आणि त्याचे कारण कलेपेक्षा हवामानात आहे. फरचे कापड ही थंड देशाची चैन. खाडीकाठच्या या गावांत डिसेंबराच्या दुपारीही घाम येतो. फरच्या पोशाखातले मूल दिव्यांखाली दहा मिनिटांत लालबुंद होते आणि डोक्यावरचा कान खाजवू लागते. शिवाय फर कापली की तिचे केस घरभर उडतात, बॉबिनमध्ये अडकतात आणि साधी पायमशीन ते जाड कापड ओढत नाही. म्हणून इथले मांजर बहुधा सुती किंवा होजिअरीचे झाले.

येथे कापडाचा भूगोल उपयोगी पडतो. ठाणे आणि कल्याण यांच्या मध्ये भिवंडी आहे, तिच्या यंत्रमागांवर विणलेले करकरीत, बिनधुवट कापड या भागात सहज मिळत आले. कल्याणच्या पलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी १९४९पासून वसवलेल्या त्या गावाच्या बाजारात होजिअरी, सॅटीन, अस्तर, लेस, इलॅस्टिक हे सारे वजनावर आणि वारावर मिळते. ठाण्यात रेमंडची गिरणी होती; तेथील निर्मिती आता थांबली आहे. या तिघींच्या मधल्या प्रदेशातले मांजर त्यांच्याच तुकड्यांतून तयार होणे साहजिक होते. अंग होजिअरीचे, कानाच्या आतला भाग गुलाबी सॅटीनचा आणि पोट पांढऱ्या मांजरपाटाचे. मांजरपाट या शब्दात मांजर कसे शिरले, हा भाषेच्या विद्यार्थ्यांना आवडेल असा प्रश्न आहे. जुने रूप मादरपाट. त्याचा संबंध मद्रासशी जोडला जातो. लोकांच्या जिभेने अनोळखी गाव सोडून ओळखीचा प्राणी धरला. मांजरपाटाचे मांजर करणाऱ्या बाईला ही व्युत्पत्ती सांगण्याचे कारण पडत नाही. तिला तो जाडाभरडा पोत हवा असतो, कारण पोटाला आकार धरून राहणारे कापड लागते.

आता प्रत्यक्ष बेतणे. मांजर बेतताना घरच्या बाईने नवा नमुना शोधलेला नाही, आणि मला या साऱ्यात सर्वांत लक्षणीय वाटते ते हेच. अंगासाठी तिने सलवारीचा नमुना घेतला आणि डोक्यासाठी कुंचीचा. सलवारीत आसन खोल ठेवता येते. मांजराला दबा धरून बसावे लागते, रांगावे लागते, एखादी उडी मारावी लागते. आसन कमी पडले तर पहिल्याच उडीला शिवण उसवते आणि त्या मुलाला पुढची दहा वर्षे वर्गात त्याच आठवणीने ओळखतात. वयात येऊ लागलेल्या मुलीसाठी तर सैल सलवारीचा हा नमुना आणखी सोयीचा. अंगाला घट्ट बसणारे काळे कापड घालून मंचावर जाणे तिला नको असते आणि आईलाही. कुंचीचे म्हणाल, तर ती आपल्या घरातली सर्वांत जुनी शिवलेली टोपी. डोक्यावरून मानेपर्यंत येणारी, हनुवटीखाली नाडी बांधायची, मागे खांद्यावर झूल. तिला दोन कान लावले की मांजराचे डोके तयार. तान्हे असताना ज्या आकारात मूल झाकले, त्याच आकारात आठ वर्षांनी ते मंचावर उभे राहते.

कानाचे तंत्र सोपे आहे, पण ते चुकते. दोन त्रिकोणी तुकडे उलट बाजूने शिवून सुलट करायचे, आत बकरम घालायचे. बकरम नसेल तर जुन्या शर्टाची कॉलर उसवून तिच्यातले कापड चालते. कान कुंचीच्या शिवणीतच धरायचा. वरून टाके घालून चिकटवला तर तो लवंडतो. शेपटीचा हिशेब वेगळा. ती पायजम्याला शिवली तर वजनाने पायजमा खाली ओढला जातो, म्हणून कमरेला वेगळा पट्टा करून त्याला जोडतात आणि पायजम्याच्या मागे छोटी फट ठेवून बाहेर काढतात. आत कापूस भरला तर ती जड होते. जुने मोजे कापून भरले तर हलकी राहते आणि डोलते. मिशांसाठी झाडूच्या काड्या लावण्याचे प्रयोग झाले, पण त्या डोळ्यांत जातात. काजळाने तीन-तीन रेघा ओढणे सर्वांत निर्धोक.

आणि प्रत्येक शिवणीत माया. कापड बेतताना मापापेक्षा जास्त सोडलेल्या भागाला आपल्याकडे माया म्हणतात, हे शिवणवर्गात गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. या शब्दावरून भावुक होण्याचा मोह होतो. तो आवरून एवढेच सांगतो की मायेचा खरा उपयोग आर्थिक होता. माया सोडली असेल तर थोरल्या भावाचे मांजर पुढच्या वर्षी उसवून वाढवता येते आणि मग धाकटीला देता येते. एकाच पोशाखाने अशी दोन-तीन संमेलने काढली जात.

आता घरी शिवण्याची वेळ क्वचित येते. भाड्याने पोशाख देणारी दुकाने ठाण्यात, डोंबिवलीत आणि कल्याणात आहेत, तयार पोशाख घरपोच मागवता येतो. याबद्दल हळहळणारे लेख मी वाचले आहेत आणि ते मला पटत नाहीत. रात्री जागून मांजर शिवणाऱ्या बाईला सकाळची लोकल गाठायची असे, डबे भरायचे असत. तिचा तो वेळ कोणी तिला विचारून घेतलेला नव्हता. ‘उद्या मांजर होऊन यावे’ ही चिठ्ठी शाळेतून येई ती आईच्या नावाने. वडिलांच्या नावाने आल्याचे ऐकिवात नाही. भाड्याच्या दुकानाने या बायकांची एक रात्र परत केली, हे मान्य करायला हवे.

पण दुसरी बाजू आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपली म्हण. पोशाख शिवला जात होता तोवर मांजर होण्यासाठी पैशापेक्षा मशीन आणि शेजार लागत होता. स्वतःला शिवता येत नसेल तर भिंतीपलीकडच्या बाईकडून कान शिवून मिळत. अनामत आणि भाडे आले तसे काही मुलांनी मांजर व्हायचेच सोडले. ती मागच्या रांगेत झाड होऊन उभी राहू लागली, कारण झाडाला पुठ्ठा पुरतो. ठाण्यात मतकरींनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात ‘वंचितांचा रंगमंच’ चालवला. वस्त्यांतली मुले तेथे स्वतः बसवलेल्या नाटिका करीत. झगमगाटी वेशभूषेवाचून नाटक उभे राहते हे त्या मुलांनी दाखवून दिले. १९५९ साली जादूच्या नगरीने बालनाट्याचा आरंभ करणाऱ्या लेखकानेच उत्तरायुष्यात त्या जादूचा बडेजाव बाजूला ठेवावा, यावर अभ्यासकांनी सविस्तर लिहायला हवे.

डोंबिवलीत १९९९ पासून गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघते. त्यानंतर अशा यात्रा इतर गावांतही सुरू झाल्या. तेथे मुलांना सोंगे घ्यायला दरवर्षी एक सकाळ मिळते, पण ती बहुतेक राजांची, संतांची आणि क्रांतिकारकांची. तेथे मांजर क्वचितच दिसेल. मिरवणुकीला आदर्श लागतात आणि मांजर कोणाचा आदर्श नाही. त्याची जागा संमेलनातच.

त्या संमेलनांतल्या पोशाखांपैकी एकही कोणत्या संग्रहालयात आहे असे मला दिसत नाही, आणि असण्याचा संभवही कमी. कापड टाकून देण्याची रीत नव्हती. कान उसवून कुंची परत कोणा बाळाला जाई, होजिअरीचा पायजमा व्यायामाला लागे, मांजरपाटाचे पोट गोधडीच्या आतल्या थरात जाई. उरते ते एखादे छायाचित्र, संमेलन संपल्यावर मंचामागच्या गर्द पडद्यापुढे काढलेले. काळ्या पडद्यावर काळे अंग हरवून जाते. दिसतो तो चेहरा, काजळाच्या सहा रेघा, दोन गुलाबी कान आणि मांजरपाटाचे पांढरे पोट. शेपूट मागच्या बाजूला असते, त्यामुळे ते छायाचित्रात येत नाही.